अर्धं डोकं बाकी

आजच्या या निरोप समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावर बसलेले मिशनचे सचिवसाहेब, आमच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळकसाहेब आणि पाळकबाई, कामधंदा सोडून लांबून आलेले पाहुणे, खुर्च्या रिकाम्या असूनही मागे भिंतीला टेकून उभी असलेली आमची जुनी पलटण, दारात उभे असलेले चौकीदारकाका, आणि ज्यांच्यासाठी हे हार-तुरे आणले ते आमचे दादा, या सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

सूत्रसंचालन करणाऱ्या ताईंनी मला बजावलंय, पाच मिनिटं. आता ताई, तुम्ही सलूनवाल्याच्या हातात माइक दिलात आणि वर म्हणता पाच मिनिटं? आमच्या धंद्यात गिऱ्हाईक खुर्चीत अडकलेलं असतं आणि आमचं तोंड मोकळं असतं. तरी प्रयत्न करतो. माझी बायको समोर तिसऱ्या रांगेत बसली आहे. मी वाहवत गेलो की ती खोकते. ती खोकली की समजा, माझी गाडी रुळावरून घसरली.

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. मी आल्यापासून बघतोय, सभागृहात कुजबुज चालली आहे. दादा टोपी घालून का बसलेत? एवढा उकाडा, पंखे नुसते नावाला फिरताहेत, आणि सत्कारमूर्ती लोकरीची टोपी कानांपर्यंत ओढून बसलेत! फोटोवाल्याने दोनदा हात जोडले. अध्यक्षसाहेबांनी स्वतः वाकून सांगितलं, "ब्रदर, फोटोपुरती तरी काढा." दादांनी नुसती मान हलवली. पाळकबाईंना वाटलं, सर्दी झाली असेल, त्यांनी बिचाऱ्यांनी गरम पाणी पाठवलं. मंडळी, दादांना सर्दी-बिर्दी काही झालेली नाही. टोपीचं कारण मला ठाऊक आहे आणि ते मी सांगणारही आहे, पण शेवटी. आधी सांगितलं तर तुम्ही माझं बाकीचं भाषण ऐकायचे नाहीत.

आत्ताच सचिवसाहेबांनी फार सुंदर भाषण केलं. दादांची निष्ठा, त्यांचा त्याग, त्यांची साधी राहणी, सगळं आलं त्यात. शेवटी ते म्हणाले, "उद्या पहाटेच्या गाडीने ब्रदर आपल्या मिशनच्या विश्रांतिगृहाकडे प्रस्थान करतील, आणि तिथे समाधानाने उर्वरित आयुष्य घालवतील." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू? पण वाजवताना हात जड झाले. ते घर चांगलंच असणार. हवा चांगली आहे म्हणतात, झाडं आहेत, डॉक्टर येतो, जेवण वेळेवर मिळतं. फक्त दादांना ओळखणारं एकही माणूस तिथे नाही. आणि मी आज इथे उभा आहे तो एवढंच मागायला, की दादांनी उद्याच्या गाडीत बसू नये. आमच्या घरी यावं. झालं, सांगून टाकलं. आता पुढचं बोलायला मी मोकळा.

तुमच्यापैकी बहुतेकांनी दादांना रविवारी उपासनेत पाहिलं असेल. इस्त्रीचा शर्ट, हातात गीतांचं पुस्तक, आवाज मात्र बेसूर. हो की नाही पाळकसाहेब? आम्ही त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते पुलाखाली. बस डेपोच्या मागे जो उड्डाणपूल आहे, त्याच्या दुसऱ्या खांबाशी एक लाकडी स्टूल, एक पांढरा कपडा, कंगवा, कात्री आणि पाण्याची बाटली. संपलं दुकान. त्याआधी आमच्याकडे जे जे आले ते काहीतरी घेऊन आले. कुणी बिस्किटं आणली, कुणी पांघरुणं, कुणी उपदेश. बिस्किटं आम्ही खायचो, पांघरुणं विकायचो आणि उपदेश तिथेच ठेवून जायचो. या माणसाने काहीच आणलं नव्हतं. तो येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांना एवढंच विचारायचा, "केस कापायचे का?"

केस! आमचे! जरा डोळ्यांसमोर आणा. डेपोत राहणारी सोळा-सतरा वर्षांची पोरं. डोक्यात धूळ, तेलकट मळ, उवा, जुन्या जखमांच्या खोका. पोलीस आम्हाला काठीने हलवायचा. चहावाला पाणी मारून उठवायचा. कंडक्टर पायाने ढकलायचा, आणि त्यातला बरा असेल तो आधी "ए" म्हणायचा. हाताने कुणी शिवत नव्हतं. माझी आई मी लहान असताना गेली. ती गेल्यापासून माझ्या डोक्याला माझ्या स्वतःच्या हाताखेरीज कुणाचा हात लागला नव्हता. आणि हा परका माणूस म्हणतोय, बस, तुझ्या डोक्याला हात लावतो. तुम्ही बसला असता? मला तर पहिल्यांदा शंका आली, याला आमच्याकडून हवंय तरी काय?

दादांच्या कामाची एक रीत होती, ती सांगतो. कारण ती मिशनच्या कुठल्याच पुस्तकात सापडायची नाही. ते आधी एकच बाजू कापायचे. डावी. ती अगदी व्यवस्थित, कानामागून नीट उतरवून. आणि मग कात्री खाली ठेवायचे. थर्मासमधून दोन पेल्यांत चहा ओतायचे, एक तुम्हाला, एक त्यांना. मग सावकाश पहिला प्रश्न, "जेवलास का?" नाव नाही विचारायचे. पहिल्या दिवशी नाव विचारायचं नाही हा त्यांचा नियमच होता. ते म्हणायचे, नाव विचारलं की पोराला चौकीची आठवण येते. फक्त, जेवलास का. मग, झोपतोस कुठे. मग, तिथे पाणी मिळतं का. आणि तुम्ही उत्तर द्यायचे, कारण उठून जाणार कुठे? डाव्या बाजूला साहेब, उजव्या बाजूला झिपऱ्या! दादा म्हणायचे, "अर्धं डोकं झालं की माणूस पळत नाही."

एकदा मिशनच्या कचेरीतून एक तरुण साहेब तपासणीला आले होते. पुलाखाली उभं राहून विचारायला लागले, ब्रदर, एवढे दिवस तुम्ही केस कापताय, पण यातले प्रभूकडे वळले किती? दादा म्हणाले, "सांगतो ना. आधी बसा, तुमचेही वाढलेत." साहेब बसले. डावी बाजू झाली आणि दादांनी कात्री ठेवली, आमच्यातल्या एकाला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "साहेबांना तुझं सांग." मग दुसऱ्याला. मग तिसऱ्याला. साहेब अर्ध्या डोक्याने संध्याकाळपर्यंत त्या स्टुलावर. जाताना त्यांनी तो प्रश्न काही परत विचारला नाही. सचिवसाहेब, हसताय काय, ते तुम्हीच होता!

तर, अर्धं डोकं झालं की माणूस पळत नाही. फक्त एक जण पळाला. मी.

झालं असं, दादांनी कात्री ठेवली, चहा दिला आणि विचारलं, "जेवलास का?" दुसऱ्या कुणाला तो साधा प्रश्न वाटला असता. मला वाटलं, आता हा विचारणार आई कुठे, बाप कुठे, घर का सोडलंस. मी गळ्याभोवतीचा कपडा ओढला, पेला टाकला आणि धूम ठोकली. पळालो खरा, पण जातो कुठे? डेपोत शिरलो तर कंडक्टर-ड्रायव्हर पोट धरून हसले. एक जण ओरडला, "अरे, हे बघा अर्धंतिकीट!" तेव्हापासून मी अर्धंतिकीट. आजही मागे उभे असलेले मला त्याच नावाने हाक मारतात, आणि माझ्या सलूनच्या पाटीवरही तेच आहे. त्या दिवशी मात्र मला रडू कोसळलं होतं. दिवसभर गाड्या धुवायच्या हौदामागे बसून राहिलो.

दिवे लागायच्या वेळी पुलाखाली परत गेलो. वाटलं होतं, गेला असेल. बाकीची पोरं केव्हाच पांगली होती. खांबाशी दादा एकटे बसले होते, त्याच स्टुलावर, कपड्याची घडी मांडीवर घेऊन. मला बघितलं, उठले, स्टूल झटकलं आणि म्हणाले, "बस." एक शब्द. कुठे गेला होतास नाही, का पळालास नाही. पेला फोडलास तेही नाही. उजवी बाजू कापली. आणि सगळं झाल्यावर त्यांचा हात थोडा वेळ माझ्या डोक्यावर तसाच थांबला. मला वाटलं, उवा शोधतोय. मी मान आखडून बसलो. खूप पुढे मला कळलं की ते प्रार्थना करायचे. प्रत्येकासाठी, मनातल्या मनात, ओठसुद्धा न हलवता. इतकी वर्षं आम्ही सगळे समजत होतो की दादा उवा बघतात.

नंतर एकदा मी त्यांना विचारलं, "दादा, मी त्या दिवशी आलोच नसतो तर?" म्हणाले, "दुसऱ्या दिवशी येऊन बसलो असतो." "आणि दुसऱ्या दिवशीही नसतो आलो तर?" तर म्हणतात, "अरे वेड्या, तुझं अर्धं डोकं माझ्याकडे बाकी होतं. जातोस कुठे?"

बायको खोकली. बरं, आवरतं घेतो.

मला त्यांनीच हा धंदा शिकवला. आधी फुग्यावर साबण लावून वस्तरा चालवायचा, फुगा फुटला की परत पहिल्यापासून. मग खरं डोकं हवं होतं. मी म्हटलं, "दादा, तुमचंच द्या." ते म्हणाले, "माझं नको." आणि चौकीदारकाकांना धरून आणलं. काका, तुमच्या त्या पहिल्या हजामतीबद्दल मी आज सर्वांसमक्ष आभार मानतो. महिनाभर तुम्ही टोपी काढली नव्हती, हे मी विसरलेलो नाही. पण तेव्हापासून माझ्या मनात एक खटकत राहिलं. हा माणूस दिवसभर दुसऱ्यांच्या डोक्यांना हात लावतो. याच्या डोक्याला कोण लावतं?

कुणीच नाही. दादांची खोली तुम्ही पाहिली आहे का? उपासनागृहाच्या मागे, जिथे जुनी बाकं रचून ठेवतात, त्याच्या पलीकडे. एक कॉट, एक टेबल, एक खुर्ची. पाहुणा आला तर तो खुर्चीवर आणि दादा कॉटवर. पण पाहुणा यायचा कुठून? इथलं त्यांचं कुणीच नव्हतं. ऐन तारुण्यात मिशनने पाठवलं म्हणून आले आणि राहिले. लग्न केलं नाही. का नाही, हे विचारायची आमची हिंमत नव्हती.

एक दिवस आठवतो. दादा नेहमीसारखे पुलाखाली आले, कापायला बसले. पण त्या दिवशी प्रत्येकाचे केस त्यांनी फारच बारीक करून टाकले. एक जण वैतागला, "दादा, काय टक्कल करताय का?" तेव्हा त्यांनी कात्री पुसली आणि म्हणाले, "माझी आई गेली." आम्ही विचारलं, "केव्हा?" "चार दिवस झाले. मला आज कळलं." आणि पुढच्या पोराला म्हणाले, "बस." आम्ही आठ-दहा जण त्यांच्याभोवती नुसते उभे. आई जाणं म्हणजे काय हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा हे एकालाही सुचलं नाही. आम्हाला घ्यायची सवय होती, द्यायची रीत ठाऊक नव्हती. संध्याकाळी ते स्टूल उचलून पुलाखालून निघाले तेव्हा आम्ही लांबपर्यंत बघत राहिलो. चालताना त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही.

लोक म्हणतात, मिशनरी माणूस एकटा कसा? त्याच्याभोवती केवढा गोतावळा! सचिवसाहेबांनीही आज तेच म्हटलं. साहेब, तुमचा मान राखून सांगतो, हे तसं नाही. दादांच्या कामाची गंमत अशी आहे, गंमत कसली, शिक्षाच आहे, की ज्याचं बरं झालं तो परत येत नाही. गॅरेजात लागला, शिवणकाम शिकला, लग्न झालं, पोरंबाळं झाली की तो त्या पुलाच्या वाटेनेसुद्धा जात नाही. जायचं तरी कसं? बायकोला काय सांगायचं, मी इथे झोपायचो? आणि एखादा परत आलाच, तर दादा त्याला बघून हसायचे, पण त्यांचा चेहरा पडायचा. कारण परत आला म्हणजे काहीतरी बिनसलंय. तुरुंगातून सुटला, नोकरी गेली, दारूला लागला. म्हणजे बघा, पोरगं आलं नाही तर एकटेपणा, आणि आलं तर काळजी. दादा संध्याकाळी खोलीत बसून वाट बघायचे आणि मनात म्हणायचे, कुणी न येवो. हे त्यांनीच मला एकदा सांगितलंय. हसत सांगितलं, पण मला ते ऐकवलं नाही.

मी मात्र जवळ राहिलो. माझं सलून इथून दोन गल्ल्यांवर. एका रविवारी दुपारी त्यांच्याकडे गेलो, दार लोटलेलं, खिडकी उघडी. आत बघतो तर दादा स्वतःचे केस कापताहेत. एक आरसा खिडकीच्या गजाला टेकवलेला, दुसरा डाव्या हातात डोक्यामागे धरलेला, आणि उजव्या हातात कात्री. आरशात हात उलटा दिसतो ना, त्यामुळे कात्री भलतीकडेच जायची. मान वाकडी, जीभ दातांत. एवढी हजारो डोकी नीट करणारा माणूस, आणि स्वतःची मागची बाजू त्याला दिसत नव्हती. मी बाहेरूनच म्हटलं, "दादा, मी काय मेलोय का? द्या इकडे." ते दचकले. आरसा खाली ठेवला आणि म्हणाले, "नको रे, होतंय."

मी आत गेलो. मला राग आला होता, खरंच सांगतो. म्हटलं, "का नको? तुम्ही आमच्या उवांच्या डोक्यांना हात लावलात, मग आमचा हात तुम्हाला का चालत नाही?" ते बराच वेळ कात्री उघडत-मिटत राहिले. मग म्हणाले, "तसं नाही रे. सवय लागेल."

"कसली सवय?"

"कुणी हात लावायची. एकदा लागली की मग रोज हवासा वाटेल. आणि रोज कोण आहे?"

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. तिने लाटणं बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "प्रभू सोबत असतो, मान्य. पण प्रभू मागचे केस कापून देत नाही." पाळकसाहेब, माफ करा, वाक्य तिचं आहे, माझं नाही. आणि त्याच आठवड्यात तिने दुकानावरच्या खोलीतलं सामान हलवायला सुरुवात केली.

गेल्या वर्षापासून दादांचे हात थरथरायला लागले. आधी त्यांनी लपवलं. मग एका पोराच्या कानाला कात्री लागली. ओरखडाच होता, पण दादांनी तिथल्या तिथे कात्री पांढऱ्या कपड्यात गुंडाळली आणि माझ्या दुकानात येऊन माझ्या हातात दिली. म्हणाले, "संपलं." आता दर मंगळवारी माझं दुकान बंद असतं आणि मी पुलाखाली असतो. डावी बाजू आधी, मग चहा. मिशनने ठरवलं, दादांनी आता विश्रांती घ्यावी. त्यांचं चुकलं नाही. ज्याचं इथे कुणी नाही त्याने तिकडे जावं, हा हिशेब सरळच आहे. पण कुणी नाही हे कुणी ठरवलं?

आम्ही त्यांना बोलावलं. एकदा नाही, तीनदा. पहिल्यांदा म्हणाले, तुमचा संसार आहे, मी मध्ये कशाला. दुसऱ्यांदा म्हणाले, म्हातारपण वाईट, मी कुणावर ओझं होणार नाही. तिसऱ्यांदा माझी बायको गेली. ती म्हणाली, "दादा, वर खोली झाडून ठेवली आहे. खिडकीतून पूल दिसतो." त्यावर त्यांनी तिचे हात हातात घेतले आणि म्हणाले, "मुली, तिकीट काढून झालंय." तिकीट! आयुष्यभर ज्याने डेपोतली पोरं गोळा केली, तो माणूस शेवटी तिकिटाचं कारण सांगतो. ती घरी येऊन रडली. मला म्हणाली, "तुम्ही काय नुसते बघत बसणार?"

आता टोपीकडे येतो.

आज सकाळी दादा आयुष्यात पहिल्यांदा माझ्या खुर्चीत बसले. आपणहून नाही. माझ्या बायकोने त्यांना बजावलं होतं, "दादा, आज हार घालायला मोठी माणसं तुमच्या मागे उभी राहणार, आणि तुमचं डोकं मागून उंदराने कुरतडल्यासारखं दिसतंय. मंडळीची अब्रू जाईल." स्वतः कापावं तर हात चालत नाही. आले बिचारे. मी त्यांच्या गळ्याभोवती कपडा बांधला. त्यांचाच, पुलाखालचा तो पांढरा. पाणी मारलं. आणि डोक्यावर हात ठेवला.

मंडळी, मी दिवसभर हेच काम करतो. कितीतरी डोकी माझ्या हाताखालून जातात. पण त्यांचे खांदे कानांपर्यंत वर चढलेले मला दिसले, जसे माझे त्या दिवशी चढले होते. मी हात काढला नाही. हळूहळू ते खांदे खाली आले. डोळे त्यांनी मिटून घेतले होते आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला प्रार्थना येत नाही, तुम्हाला ठाऊक आहे, मी उपासनेत शेवटच्या बाकावर बसणारा माणूस. पण मी थांबलो. जेवढा वेळ ते माझ्यासाठी थांबले होते तेवढा वेळ थांबलो. आणि मनातल्या मनात एकच गोष्ट मागितली.

मग कापायला घेतलं. डावी बाजू. अगदी मन लावून, कानामागून नीट उतरवून. झाली. आणि कात्री खाली ठेवली. दोन पेल्यांत चहा ओतला, एक त्यांना दिला, एक मी घेतला. त्यांच्या अजून लक्षात आलं नव्हतं. मी समोर बसलो आणि विचारलं, "जेवलात का?"

दादांनी चहाचा पेला तोंडाशी नेला होता, तो तिथेच थांबला. त्यांनी आरशात बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "हे तुला कुणी शिकवलं रे?"

म्हटलं, "होता एक माणूस पुलाखाली."

"उजवी बाजू काप."

"उद्या कापतो. आज मला भाषण करायचंय, हात स्थिर नाही."

"उद्या पहाटे सहाची गाडी आहे."

"मग तर अवघडच आहे."

त्यांनी कात्रीसाठी हात पुढे केला. तो हात थरथरत होता. आम्ही दोघांनीही तो बघितला. त्यांनी तो मागे घेतला आणि कपड्याखाली ठेवला. मग उठले, दारात चौकीदारकाका रिक्षा घेऊन आले होते, त्यांच्या डोक्यावरची टोपी काढली, स्वतःच्या डोक्यावर घातली आणि इथे आले. अध्यक्षमहाराज, तुमच्या शेजारी बसलेल्या सत्कारमूर्तींच्या टोपीखाली डाव्या बाजूला माझं काम आहे आणि उजव्या बाजूला त्यांचं!

हसा, हसा. दादाही हसताहेत, मला दिसतंय. पण हसून झाल्यावर माझं ऐका. दादा, तुम्ही म्हणाला होता, सवय लागेल, आणि रोज कोण आहे. मी आहे रोज. माझं दुकान मंगळवार सोडून रोज उघडं असतं, आणि मंगळवारी मी पुलाखाली असतो, तिथेही तुमच्यासाठी स्टूल आहे. माझी बायको आहे. मागे भिंतीला टेकलेले हे सगळे आज तोंड लपवत का होईना आलेत, यांना कुणी सांगितलं असेल यायला? ओझ्याचं म्हणाल तर, ज्याने आमची सगळी डोकी आपल्या हाताने उचलून धरली, त्याचं एक डोकं आम्हाला जड होणार नाही. लागू द्या सवय. आम्हालाही लागू द्या.

थांबा. दादा टोपी काढताहेत.

फोटोवाले, काय बघत बसलात? काढा! चौकीदारकाका, तुमची टोपी सुटली एकदाची. टाळ्या नंतर, टाळ्या नंतर, दादा काहीतरी विचारताहेत. काय म्हणालात, दादा? जरा मोठ्याने.

दादा विचारताहेत, दुकान किती वाजता उघडतं.

दहाला, दादा. तुमची गाडी सहाची. दहाच्या आधी मी शटर वर करत नाही, कितीही ओळखीचं गिऱ्हाईक असो.

बायको खोकत नाहीये, म्हणजे मी बरोबर बोलतोय. पण पाच मिनिटं केव्हाच उलटून गेली. अध्यक्षमहाराजांनी बोलू दिलं, सचिवसाहेबांनी आपली चेष्टा गोड मानून घेतली, ताईंनी माइक हिसकावून घेतला नाही, आणि तुम्ही सगळ्यांनी एका केस कापणाऱ्याची बडबड उकाड्यात ऐकून घेतली, याबद्दल मी सगळ्यांचा ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राहिला नसेल, काही उणं-अधिक बोललो असेन, तर पोटात घाला. फक्त एका गोष्टीची माफी मागणार नाही. ती सगळ्यांना दिसतेच आहे, दादांच्या उजव्या कानावर. ती चूक मी जाणूनबुजून केली आहे, आणि उद्या दहानंतर घरीच ती नीट करीन.